चिखल्या, भेगा आणि न दुखणारा फोड

मिरगाचा पाऊस लागला आणि बेळगावजवळ खानापूरकडे रोप लावणी सुरू झाली, की आमच्या औषधाच्या दुकानात एक वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं: "चिखल्याचं औषध द्या की ओ." बहुतेक बायकाच असतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून रोपं लावायची, घरी जाऊन पुन्हा पाण्यातलीच कामं. दुकानाच्या पायरीवर चप्पल काढून त्या पाय पुढे करतात आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट हातानं फाकवून दाखवतात. आत कातडी पांढरीफटक, भिजलेल्या पोह्यासारखी, आणि मधोमध लाल चीर. वास येतो म्हणून बिचाऱ्या ओशाळतात. मी म्हणतो, अक्का, वास चिखल्यांचा आहे, तुमचा नाही.

मी डॉक्टर नाही. फार्मसी शिकलो आणि वीसेक वर्षं काउंटरमागे बसून लोकांचे पाय बघतोय. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की ध्यानात आली. पाय धरून कण्हत येणाऱ्याचं बहुतेक वेळा घरच्या घरी निभावतं. "काही नाही ओ, दुखत नाही, नुसतं मलम द्या" म्हणणाऱ्याला मात्र मी मलम न देता आधी दवाखान्यात पिटाळतो. त्याचं कारण पुढे सांगतो, आधी चिखल्यांचं बघू.

आपल्या कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, कौलांसारखा एकावर एक रचलेला. तो कोरडा असेपर्यंत आत काही शिरत नाही. पाय आठ-आठ तास पाण्यात राहिला की हा थर फुगतो, मऊ पडतो आणि कौलं सरकतात. पायाची बोटं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे तिथे वारा लागत नाही. करंगळी आणि शेजारच्या बोटाची फट सगळ्यात अरुंद, म्हणून चिखल्यांची सुरुवात बहुधा तिथूनच होते. अशा उबदार, ओल्या, अंधाऱ्या जागी बुरशी वाढते. खाज सुटते ती तिच्यामुळे. पुढे जिवाणूही येऊन मिळाले की आग आणि वास सुरू होतो.

उपाय सोपा आहे, पण चिकाटी लागते. घरी आल्यावर पाय स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा. मग प्रत्येक बोटाची फट जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं टिपून कोरडी करा. हे टिपणं औषधाइतकंच महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच सोडतात. तो तुकडा घरातल्या दुसऱ्या कुणी वापरू नये. मग क्लोट्रिमॅझोलसारखं साधं बुरशीनाशक मलम दिवसातून दोनदा, फटीत आणि आजूबाजूला बोटभर जागेत पातळ लावायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी खाज थांबते. तिथंच घोटाळा होतो! ट्यूब फळीवर जाते, आत राहिलेली बुरशी पुन्हा उठते, आणि "तुमच्या औषधाला गुण नाही" म्हणून बोलणी मी खातो. दिसायला बरं झालं तरी मलम पुढे चालू ठेवायचं, एकूण तीन ते चार आठवडे.

एका प्रकारच्या ट्यूबवर माझा राग आहे, तो इथे काढूनच घेतो. बुरशीचं, जिवाणूचं आणि स्टेरॉइडचं औषध एकत्र मिसळलेली ही ट्यूब. लावली की रात्रीत खाज बंद, म्हणून लोक नाव घेऊन मागतात. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं. बुरशी आत निवांत पसरते, मग मांडीत, कमरेला गजकर्ण होऊन निघते आणि साध्या औषधाला दाद देत नाही. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं नाव दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती लावू नका. ती विकू नये, हे आम्हा दुकानदारांनाही कुणीतरी सांगायला हवं.

मेंदीचं विचारतात. मेंदीनं जागा सुकते, थोडा गुण येतो, माझी आजी तीच लावायची. पण कातडी फुटून रक्त दिसत असेल तर नको. बाजारातल्या काळ्या मेंदीच्या कोनात केस रंगवायचं रसायन असतं, ते तर कधीच नको. रॉकेल लावणारेही अजून भेटतात. त्यांच्या पायाला आधी भाजल्याचा इलाज करावा लागतो.

चिखल्या होऊच नयेत म्हणून गमबूट घाला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यानं एकदा गमबूट घालून लावणीच्या चिखलात चार पावलं टाकून बघावीत. बूट तिथंच राहतो आणि माणूस पुढे जातो. बांधावर, उसात, किंवा बळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर-अनगोळच्या शिवारात चढतं तेव्हा गमबूट कामाचे. लावणीत मात्र जुनीच रीत बरी. उतरण्यापूर्वी बोटांच्या फटीत व्हॅसलीन किंवा खोबरेल चोपडायचं, म्हणजे पाणी लगेच मुरत नाही. दुपारी भाकरी खायला बांधावर बसलं की पाय स्वच्छ पाण्यानं खळबळून, पुसून, बोटं फाकवून वाऱ्याला ठेवायची. अर्धा तास मिळाला तरी कातडी पुन्हा आवळते. आणि संध्याकाळी घरी आल्यावर तेल नाही, फट कोरडी. सकाळी तेल, रात्री कोरडं, एवढं लक्षात ठेवा. उद्यमबागच्या कारखान्यांत दिवसभर सेफ्टी शूज घालणाऱ्यांनाही हेच होतं, तिथे चिखलाऐवजी घाम असतो. त्यांनी सुती मोजे रोज बदलावेत, आणि जमलं तर बुटांचे दोन जोड ठेवून एकाला दिवसभर ऊन दाखवावं.

चिखल्यांमुळे जीव जात नाही, पण त्या चिरेतून दुसरं काही शिरू शकतं. पाय लाल, गरम, तुकतुकीत सुजला, लाली घोट्यावरून वर सरकू लागली, थंडी वाजून ताप आला, तर ते धावरं, म्हणजे कातडीत खोल गेलेला जिवाणूंचा संसर्ग, असू शकतं. तिथे मलम नाही, पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक लागतं, आणि तेही त्याच दिवशी. दुसरं म्हणजे उंदरांच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात येणारा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. लावणीनंतर आठवडा-पंधरा दिवसांत कडक ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "मी भाताच्या चिखलात काम केलंय" हे आपणहून सांगा. या एका वाक्यानं त्यांना दिशा मिळते.

पाऊस सरला, की तक्रारी टाचेकडे जातात. बेळगावची डिसेंबर-जानेवारीतली कोरडी थंडी अंगाला बरी वाटते, टाचांना नाही. टाचेच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात, ती फक्त घामावर ओली राहते. त्यात मागून उघडी चप्पल. वजन पडलं की टाचेखालची चरबीची गादी कडेनं बाहेर फुगते आणि कडेची जाड, सुकी कातडी ताणून उकलते. सुकलेल्या तळ्याच्या बुडाला भेगा पडतात तसंच. म्हणून नुसतं वरून तेल लावून भागत नाही, आधी ती जाड कड कमी व्हायला हवी. दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, मग वजरीनं हलकेच घासा. हलकेच म्हणजे भांडं घासल्यासारखं नव्हे, आणि ब्लेड तर हातातही नको. पाय पुसून ओलसर असतानाच यूरियाचं क्रीम लावा, 10 ते 25 टक्क्यांचं मिळतं. वरून सुती मोजे घालून झोपा. यूरिया कातडीत पाणी धरून ठेवतो.

घाटाखालून माहेर असलेल्या घरांत कोकमाच्या बियांचं मुठेल असतं, पिवळट पांढरा गोळा. चमचाभर पळीत गरम करून भेगेत भरतात. चांगला उपाय आहे. ते थंडीत घट्ट राहतं, अंगाच्या उबेनं मऊ होतं आणि कातडीतलं पाणी उडू देत नाही. फक्त पळीतलं कढत टाचेवर ओतायचं नाही, आधी मनगटावर थेंब टाकून बघायचा. महिनाभर हे करूनही भेग भरली नाही, किंवा दोन्ही तळपाय आणि तळहात खवलेदार झाले, तर सोरायसिस किंवा बुरशी असू शकते. मग त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

आता टाच दुखण्याचं. सकाळी गादीवरून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ, दहा-बारा पावलं चाललं की कमी, आणि बराच वेळ बसून उठलं की परत. एवढं सांगितलं तरी निदान जवळजवळ होतं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा, पायाची कमान तोलून धरणारा. त्यावर ताण पडून तो टाचेपाशी दुखावतो. रात्री पाऊल सैल पडतं, पट्टा आखडतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. लोक एक्स-रे काढून आणतात आणि सांगतात, "हाड वाढलंय ओ." हाडाला आलेलं ते टोक कसलंही दुखणं नसलेल्या कित्येकांच्या टाचेतही सापडतं. त्याला घाबरून ऑपरेशनच्या गोष्टी करू नका.

माझ्या बायकोला हे झालं होतं. आमच्या स्वयंपाकघरात फरशी, आणि तिथे चप्पल घालायची नाही ही सासूबाईंची शिस्त. म्हणजे सकाळी तीन तास दगडावर अनवाणी उभं राहायचं. गोळ्या, मलम, शेकणं, सगळं झालं. शेवटी मऊ सोलच्या चपलांचा एक नवा जोड आणला, तो फक्त स्वयंपाकघरातला, उंबऱ्याबाहेर कधीच न जाणारा. आईनं दोन दिवस तोंड फिरवलं, मग तिनंही स्वतःसाठी एक मागवला. त्याच्या जोडीला हा व्यायाम: अंथरुणातून उतरण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हातानं बोटं नडगीकडे ओढायची, तळव्याचा पट्टा ताठ लागला की दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. संध्याकाळी फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा मागेपुढे फिरवायचा. गुण यायला महिने लागतात, आठवडे नाही. वजन चार-पाच किलो कमी झालं तर टाचेला लगेच कळतं. बहुतेकांचं वर्षाच्या आत इंजेक्शनवाचून बरं होतं.

कुरूप आणि चामखीळ यांत लोक गोंधळतात. वरून दाबल्यावर दुखतं ते बहुधा कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखते ती चामखीळ. चामखिळीत काळे ठिपकेही दिसतात. कुरूप म्हणजे दाब पडून कातडीची झालेली आत घुसणारी खुंटी. चप्पल तीच राहिली तर काढलेलं कुरूप परत येणारच. नखुरडं टाळायचं असेल तर पायाचं नख सरळ कापा, कोपऱ्यात गोलाई नको. खिळा चपलेतून आरपार घुसला तर जखम वरून लहान दिसते पण आत खोल असते. धुवून घ्या, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. पाच वर्षं उलटून गेली असतील तर पुन्हा घ्या.

आता न दुखणाऱ्याकडे येतो.

माझे थोरले मामा सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेले, चैत्रात, भर दुपारी, नवस होता म्हणून अनवाणी. परत आले ते खुशीत. तिसऱ्या दिवशी मामीला चादरीवर पिवळट डाग दिसला. तळवा उलटा करून बघितला तर अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड फुटलेला, आत काळपट. मामा म्हणाले, "अगं, दुखत नाही, सोड." तापलेल्या दगडानं त्यांचा पाय भाजला होता आणि त्यांना कळलंच नव्हतं. साखर अकरा वर्षांची. तीन महिने ड्रेसिंग चाललं, आणि तरी एक बोट गेलं. मामा निष्काळजी नव्हते हो. त्यांना खरोखरच काही जाणवलं नव्हतं.

हे होतं कसं, ते हिडकल धरणाच्या कालव्यावरून समजतं. पाणी कमी झालं की पहिली ओरड शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा आधी त्या टोकाला मरतात. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री आग होते, कापसावर चालल्यासारखं वाटतं. मग आगही थांबते, आणि माणसाला वाटतं, बरं झालं! खरं तर तिथून धोका सुरू होतो. त्याच वेळी पायाच्या बारीक रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असतात, म्हणून जखमेपर्यंत ना रक्त नीट पोचतं, ना औषध. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. तुमच्या गल्लीतही आहेत.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. माणसाला आडवं झोपवून डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, एक-दोन सेकंद, फुलाला लावावं इतकं हलकं टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. दोन्ही पाय मिळून सहा बोटं. कळलं की त्यानं उजवा किंवा डावा एवढंच म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक बोटांचा स्पर्श कळला नाही, तर त्या पायांची जाणीव गेली आहे असं समजून डॉक्टरांना दाखवा. साखर असलेल्या प्रत्येकानं हे वर्षातून एकदा तरी करावं.

अशा पायाची राखण डोळ्यांनी करावी लागते, कारण दुखण्याचा पहारेकरी निघून गेलेला असतो. रोज रात्री तळवा बघायचा, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून, नाहीतर नातवंडाला बघायला सांगायचं. चप्पल घालण्याआधी झटकायची, आत हात फिरवायचा. पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून बघायचं. क्रीम तळव्याला, बोटांच्या फटीत नाही. कुरूप जाळणाऱ्या पट्ट्या त्यांना मी विकत नाही, त्यात आम्ल असतं आणि बधिर पायाला ते आत किती गेलं कळत नाही. पिशवीनं शेकायचं नाही. जखम झाली तर दुखत नसली तरी त्याच दिवशी दवाखाना, आणि त्या पायावर वजन टाकणं बंद. फोडावर चालत राहिलं तर जगातलं कुठलंही ड्रेसिंग उपयोगाचं नाही. आणि एकच पाऊल सुजून गरम लागलं, जखम नाही, फारसं दुखतही नाही, तर ते मुरगळलं असं धरून चोळू नका. आत हाडं ढासळत असू शकतात.

साखर नसतानाही पाय बधिर वाटत असेल तर अंगावर फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का बघा, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर पाय वाचतात.

निपाणी भागातून येणाऱ्या एका गिऱ्हाइकाची आठवण येते, चाळिशीही न ओलांडलेला, साखर नाही, पण दिवसाला दोन कट्टे विड्या. थोडं चाललं की पोटरी धरायची, थांबलं की सुटायची, आणि एका बोटाचं टोक काळं पडलेलं. तंबाखूनं हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात, बर्जरचा आजार म्हणतात त्याला. त्याला बाकी औषधं दुय्यम, विडी पूर्ण सुटणं हाच इलाज. दिवसाला एकच म्हणूनही चालत नाही.

मामा आता बरे आहेत. घरातही चप्पल घालतात, एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली. ती घ्यायला मी त्यांना संध्याकाळी नेलं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि सकाळी घेतलेलं माप रात्री चावतं. त्यांचा जीव मात्र अथणीच्या चपलांत अडकलेला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातल्या आठ जिल्ह्यांत आपला बेळगाव आहे, हे ते येईल त्याला ऐकवतात. पण ते कडक कातडं, त्यात अंगठ्याच्या आधारावर पकडून ठेवायची चप्पल, आणि मामांना अंगठा कुठे आहे तेच कळत नाही. तासाभराच्या लग्नाला घालतो म्हणाले. मी म्हटलं, घाला, पण मांडवातून घरी आल्याबरोबर मामीला तळवा दाखवायचा, पायमोजे काढून.